बेटकरणीची विहीर

मासळीच्या कारखान्यात डबे भरता भरता जिचे केस पांढरे झाले, तिला सगळी गल्ली बेटकरीण म्हणायची. लग्न होऊन ती एका बेटावर नांदायला गेली होती. नारळाची झाडं, थोडी घरं आणि सगळ्यांत मिळून एक विहीर. एका वादळात समुद्र त्या विहिरीत शिरला. पाणी निवळलं की परतू, असं म्हणत सगळ्यांनी दारं ओढून घेतली आणि सगळे या शहरात आले.

वर्षभराने तिचा धाकटा दीर बेट बघून आला. लोक त्याच्याभोवती गोळा झाले.

"घरं भुईसपाट झालीत," तो म्हणाला, "आणि पाणी तोंडात धरवत नाही. बेटाचं नावच सोडा आता."

सगळ्यांनी सोडलं. बेटकरणीच्या नवऱ्याला मात्र ते जमेना. उन्हावाऱ्यात नारळ उतरवणारा माणूस कारखान्याच्या बर्फखोलीत कुढत गेला. "एकदा जाऊन डोळ्यांनी बघू या," एवढंच त्याचं पालुपद. तीच त्याला दटावायची, "भावोजींनी बघितलंय ना? मग उगाच कशाला जीव जाळता?" छातीच्या दुखण्याने तो गेला, तेव्हा मुलगी शाळेतही जात नव्हती.

पुढे मुलीला होड्या दुरुस्त करणारा नवरा मिळाला. त्याने कुणीतरी टाकून दिलेली शिडाची होडी डागडुजी करून पाण्यात घातली आणि सुट्टीत सासूलाही बरोबर घेतलं. वारा चांगला होता.

"आई, वाट थोडी वाकडी करू आणि तुमचं बेट बघू," तो म्हणाला.

"तिथे काय बघायचं, दगडमाती?" ती म्हणाली. पण बेट दिसू लागल्यावर ती डोलकाठीला धरून जी उभी राहिली, ती नांगर पडेपर्यंत.

घरं उभी होती. पत्रे गंजले होते, खिडक्यांतून वेली आत शिरल्या होत्या, पण एकही भिंत पडली नव्हती. तिच्या घराचं दार फुगलं होतं. जावयाने खांदा लावला तेव्हा उघडलं. चुलीवरची भिंत अजून काळी होती. फळीवर पालथे घातलेले पेले तसेच होते. तिने एक पेला पदराने पुसला आणि परत पालथा ठेवला.

जावई विहिरीवरून ओरडला, "आई, पाणी तर गोड आहे."

तिने ओंजळभर पिऊन बघितलं. खरंच गोड होतं.

"काका तर म्हणाले होते..." मुलगी बोलता बोलता थांबली.

"एवढे पावसाळे झाले. निवळलं असेल."

"आणि घरं?"

ती होडीकडे चालू लागली.

दीर एकटा, थकलेला, तिच्याच घरी बाहेरच्या खोलीत राहायचा. घरात पाऊल टाकताच ती त्याच्यासमोर बसली.

"भावोजी, तुम्ही बेटावर उतरला होतात का?"

"आता काय हे वहिनी, इतक्या वर्षांनी?"

"उतरला होतात का?"

तो गुडघे चोळू लागला. "लाटा होत्या. नाववाला म्हणाला, पोहत जायचं तर जा. लांबूनच माघारी फिरलो. घाबरलो म्हणून सांगणार होतो का सगळ्यांना? आलं तोंडाला ते सांगून टाकलं." मग म्हणाला, "मला वाटलं, कुणीतरी परत जाऊन बघेलच."

"तुमचा भाऊ जातो म्हणत होता," ती म्हणाली. "मी जाऊ दिलं नाही."

तिने गल्लीत सांगून बघितलं. बेटावरची जुनी शेजारीण ऐकून घेऊन म्हणाली, "बरं झालं की. तिथे पोरांना शाळा कुठली, दवाखाना कुठला?" दुसरीने तर हसण्यावारीच नेलं. ती घरी आली, भात लावला आणि दिराचं ताट वाढून त्याच्या दाराशी ठेवलं. आत गेली नाही. तेव्हापासून ताट तसंच दाराशी जातं आणि 'भावोजी' अशी हाक ती मारत नाही.