छाट कुठं जाते

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. हा गुण आईचा. निपाणीत तिनं उभा जन्म विड्या वळल्या. कारखान्यात विड्या तपासून घेणारा रोज मूठभर विड्या वाईट ठरवून बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणायचे. चांगल्या विड्याही छाटीत जायच्या, आणि गेलेली छाट परत मिळायची नाही; तपासणाराच ती ओढायचा. म्हणून कुणी 'हे काढून टाक' म्हटलं की आई आजही म्हणते, "छाट कुठं जातीय ते आदी बघ."

मी बेळगावात बँकेत नोकरी करते, आईला घेऊन पिरनवाडीला राहते, आणि मला मॉड्युलर सिंथेसायझरचं खूळ आहे. म्हणजे आवाज काढणारे, तो वाकवणारे, ठेका धरणारे सुटे डबे एका चौकटीत बसवायचे आणि वायरींनी जोडायचे. माझ्याकडं चौदा डबे झाले होते. त्यांतून काहीही निघायचं, म्हणूनच काही पुरं व्हायचं नाही. तीन वर्षांत एक धून झाली असेल तर शपथ!

आणि इकडं आईचा डावा कान गेला. उजवाही चाललाय, म्हणाले डॉक्टर. विडीसाठी टेंभुर्णीचं पान कापताना तिच्या कात्रीचा जो ठेका चालायचा, तो मला तिला ऐकवायचा होता. तिचा कान आहे तोवर.

निपाणीला डॉल्बी आणि कीबोर्ड दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत. वायर जोडायला मला त्यांनीच शिकवलं. ते घरी आले, माझी चौकट बघून म्हणाले, "लई झालं गं हे. चार ठेव. बाकीचं माझ्याकडं ठेवतो, लागलं तर ने." आणि दहा डबे पिशवीत घालून गेले की!

आईनं दारातूनच डोळे बारीक केले. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दहाच का? त्यातले सहा तर महागाचे. उरलेल्या चार डब्यांना मी हातच लावला नाही. तीन महिने नुसती अण्णांवर जळत बसले.

शेवटी एका रविवारी न सांगता निपाणीची बस धरली. दुकानात बघते तर काय, माझे दहाच्या दहा डबे एका चौकटीत, वायरींचं जंजाळ, दिवे लुकलुकताहेत.

"म्हणजे माझी छाट तुम्हीच ओढली!" मी भर दुकानात ओरडले.

अण्णा ओशाळले. "व्हय, ओढली. मोह झाला बघ. पर तीन महिनं झालं, एक धून न्हाय. दुकानाची कामंबी पडून हायती. जा घेऊन परत."

माझा संशय खरा निघाला, पण आनंद काही होईना. त्यांचं टेबल हुबेहूब माझ्या पूर्वीच्या टेबलासारखं दिसत होतं. मी रिकाम्या हातानं परतले.

मग मात्र चार डबे, सहा वायरी, बस्स. मशीन आठ-आठचे ठोके मोजतं, म्हणून आठाच्या तीन फेऱ्या लावल्या, वरचा एक ठोका सोडून दिला, आणि मग थोडी उसंत. कच्, कच्, कच्. आठवड्यात धून पुरी झाली.

आईला बसवलं, आवाज मोठा केला. ती स्पीकरकडं सरकली. "लागलं का न्हाय अजून?" म्हणाली. त्या तीन महिन्यांत उजवा कानही गेला होता आणि मला पत्ता नव्हता.

मी रडतच तिचा तळहात स्पीकरवर ठेवला. ती दचकली. मग तिची बोटं हलायला लागली, मांडीवर विड्या वळायचं सूप असल्यासारखी. पहिली उसंत आली तसं तिनं मान वर केली.

"चोवीसच हायती. कट्ट्यात पंचवीस इड्या असतात. एक कुणी काढली?"

"मीच गं आई, मीच काढली!" मी तिच्या कानाशी ओरडले. तिला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडं डोळे बारीक करून बघितलं, आणि हात तसाच ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.