चवळीखाऊंना निरोप

सितान ट्राओरे संगणक शिकून सिकासो शहरातून गावी परतली, तेव्हा आईला वाटलं, पोरगी आता बँकेत बसणार. ती बसली गावच्या दवाखान्यात, औषधांच्या खोक्यांशेजारी, फोनवर निरोप पाठवणाऱ्या नव्या यंत्रापुढे, आणि तेही बाजरी निघेपर्यंतच्या बोलीवर. रक्तदाबाचे लोक गोळ्यांसाठी नेमाने येऊ लागले तर नोकरी पक्की, नाहीतर यंत्र आणि सितान, दोघांची रवानगी. हे ठरवणार होते दवाखाना समितीचे प्रमुख बाकारी ट्राओरे, म्हणजे तिचे सख्खे चुलते. पण बाकारीकाका स्वतःच्या बैलालाही सूट देत नसत, तिथे पुतणीची काय कथा!

गावात वाचता येणारे थोडे, फोन मात्र ज्याच्या त्याच्या खिशात. सितान बांबारा भाषेत निरोप बोलून ठेवी आणि ज्याच्या गोळ्या संपत आल्या त्याला यंत्र तो फोनवर ऐकवी. "आदरणीय रुग्ण, आपल्या आरोग्यासाठी कृपया दवाखान्यात यावे." आवाज गोड आहे म्हणत लोक तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ऐकवत. यायचं मात्र कुणी नाव घेत नसे.

"आदरणीय कोण?" बाजारात झान दियारा म्हाताऱ्याने तिला अडवलं. "मला वाटलं, नगराध्यक्षाचा फोन चुकून मला लागला. ठेवून दिला."

"काका, तुमच्या गोळ्या केव्हाच संपल्या असतील."

"पाय चालतात, दात चावतात. गोळी कशाला? तुम्ही ट्राओरे स्वतः हंडाभर चवळी गिळता, आणि आम्हाला गोळ्या गिळायला लावता होय?"

सितान हसली, कारण हसायलाच हवं होतं. दियारा आणि ट्राओरे या दोन कुळांचं थट्टेचं नातं आज्या-पणज्यांपासूनचं. एकमेकांना चवळीखाऊ म्हणावं, गुलाम म्हणावं. राग धरायचा नाही, आणि एकाने मनापासून काही मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही. पण झानचं दुखणं थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. मागच्या खेपेला झानच्या दाबाचा आकडा खरा वाटेना म्हणून दवाखाना चालवणाऱ्या देंबेलेंनी दंडाचा पट्टा सोडून पुन्हा बांधून पाहिला होता.

तणतणतच ती यंत्रापुढे बसली आणि खास झानसाठी नवा निरोप बोलली. "ए चवळीखाऊ! तुला सुट्टी कुणी दिली रे? सकाळी दवाखान्यात हजर हो, नाहीतर तुझी हंडी फोडून चवळी कोंबड्यांना घालीन!" मग सवयीने बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. रागाच्या भरात एका नावाऐवजी तिने सगळीच नावं निवडली होती. यंत्र बिचारं आज्ञाधारक. रक्तदाबाच्या एकूण एक माणसाला त्याने चवळीखाऊ म्हटलं.

सकाळी दवाखान्याच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. दियारा आले ते सव्याज उत्तर द्यायला. कुलिबाली कुळाला तर सगळा मुलूखच चवळीखाऊ म्हणतो, ते नुसते मजा बघायला आले. आणि फाटकातून, इस्त्रीचा झगा सावरत, बाकारीकाका. समितीच्या प्रमुखांनाही दाब होता, आणि गोळ्यांसाठी तेही फिरकले नव्हते!

"भांडायचं ते रांगेत भांडा," देंबेले ओरडले, आणि एकेकाच्या दंडाला पट्टा बांधत सुटले.

"माझ्या भावाची लेक मला चवळीखाऊ म्हणते?" बाकारी गरजले. "ट्राओरेने ट्राओरेला?"

"काका, हळू. आकडा वर चाललाय," देंबेले म्हणाले.

"जाऊ दे वर! हे यंत्र आजच परत जाईल. आणि तू घरी चुलीपुढे बस!"

सितान माफी मागायला गुडघ्यांवर बसली.

तेवढ्यात झान म्हातारा काठी आपटत पुढे आला. "बाकारी, माझ्या गुलामा, ऐक. ती शिवी माझी होती. तू ती फुकटात खाल्लीस आणि वर ढेकर देतोस?"

अंगण खदाखदा हसलं. बाकारींच्या मिशा मात्र हलल्या नाहीत. मग झानने काठी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "थट्टा राहू दे. मी दियारा तुझ्याकडे मागतोय. पोरीला ठेव."

बाकारींनी गालातली कोला सुपारी इकडून तिकडे केली. पणज्यापासून चालत आलेलं मोडायचं कुणी?

"ठेवली," ते शेवटी म्हणाले. "पण एक अट. ट्राओरेंना निरोप यापुढे माझी पुतणी देणार नाही. आम्हाला शिव्या द्यायचा हक्क दियारांचा. तेव्हा दर बाजाराच्या दिवशी तू इथे यायचं, आधी स्वतःची गोळी गिळायची, मग बोलायचं."

"एवढंच? अरे, हे तर मी गोळी न घेताही करीन!"

"गोळी आधी."

झानने तोंड वाकडं करून गोळी गिळली आणि सितानच्या खुर्चीत ऐसपैस बसला. "बोलायचं कुठे?" तिने दाखवलं. त्याने घसा खाकरला आणि थेट बाकारींच्या आजोबांपासून सुरुवात केली. निरोपाला ठरलेली वेळ केव्हाच संपली, यंत्र आपोआप थांबलं, तरी त्याचं तोंड काही थांबेना. सितानने हळूच त्याच्या दंडाला पट्टा बांधला.

"काका, हात हलवू नका."

"हात न हलवता शिवी देता येते का गं, पोरी?"