आधी झाकण, मग अक्षता

सखाराम मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात एकच मशीन जाळलं.
तेही पूजा करून.

आज सकाळी सखारामकाका गेले. नव्वदी पार केली होती. कालपर्यंत बशीतला चहा फुंकून पीत होते.

वणीतल्या माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जे काही चालतं, ते त्यांनी शिकवलेलं. मी कॉलेजची पायरी चढलो नाही. चढलो असतो तर काका भेटले नसते, म्हणून त्याचं वाईटही वाटत नाही.

तर १९५६ चा दसरा.

वणीतल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, काका फिटर होते. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. काका तांड्यातले, म्हणजे बंजारा वस्तीतले, पहिले पगारी माणूस.

जिनाला वीज द्यायला अल्टरनेटर होता. हंगेरीचा. बुडापेस्टच्या एका जुन्या कंपनीचा.

ही कंपनी १८४४ साली एका ओताऱ्याने काढली. आधी ओतीव लोखंड, रेल्वेची चाकं. मग वीज. १८८५ मध्ये तिथल्याच तिघा इंजिनिअरांनी बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर केला. ट्रान्सफॉर्मर हे नावही त्यांचंच.
(कॉमेंटमध्ये दुसऱ्या देशाचं नाव लिहिण्याआधी तपासा. मी तपासलंय.)

पूजेच्या वेळी काकांनी अल्टरनेटरच्या बेअरिंगचं झाकण मुद्दाम उघडं ठेवलं. आत एक पितळी कडी असते. ती फिरते आणि खालचं तेल शाफ्टवर चढवते. काका म्हणायचे, "देवाचं काळीज हाय ते. दर्शन नको का घ्याले?"

जिनाच्या मालकांनी दर्शन घेतलं. आणि मूठभर अक्षता वाहिल्या.
थेट काळजात.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं. तांदळाने कडी अडली. तेल चढलं नाही. तासाभरात बेअरिंगमधलं मऊ धातूचं अस्तर वितळून गेलं.

मालक धावत आले.
"काहून बे सखाराम, तेल नोतं टाकलं?"
"तेल होतं मालक. झाकण म्या उघडं ठेवलं. चूक माही."
काकांनी तळहात पुढे केला. तेलात काळे झालेले तांदूळ.
मालकांनी त्यातला एक दाणा बोटांनी चोळून पाहिला.
"तांदूळ तं म्याच टाकले बे. आता कोणाले काढू कामावरून?"

पण दोन मिनिटांनी त्यांनीच सांगितलं, "दिवाळी झाली का कापसाच्या बैलबंड्या येतीन. तोवर हे फिरलं नाई, तं बंड्या दुसऱ्या जिनात जातीन. आन तू तांड्यावर."

नव्या बेअरिंगसाठी बुडापेस्टला पत्र गेलं. एअरमेलने.

आठ-दहा दिवसांनी मालक रेडिओ ऐकून आले.
"सखाराम, तुह्या कंपनीच्या गावात गोळ्या चालून राह्यल्या. लोक रस्त्यावर हायेत. रशियाचे रणगाडे हायेत. आता कोण वाचते आपलं पत्र?"

काकांनी तोवर भट्टी पेटवली होती.

जुनं अस्तर वितळवलं, यवतमाळहून थोडा नवा धातू आणला आणि बेअरिंग स्वतः ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा. पहिलं फुकट गेलं. दुसरंही.
तिसरं जमलं.

पण ओतलं म्हणजे झालं नाही. शाफ्टला रंग लावायचा, बेअरिंग त्यावर फिरवायचं, जिथे रंग उमटेल तो उंचवटा खरवडायचा. पुन्हा रंग. पुन्हा खरवड. तिधारी कानस घासून काकांनी खरवडायचं हत्यार बनवलं. या कामाचा खास रंग वणीत मिळेना.

मग पूजेचा उरलेला शेंदूर तेलात कालवला.
चक्क चालला. शेंदूर म्हणजे शिशाचाच रंग, आणि जुने फिटर या कामाला तोच वापरत. हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. मी पुढे पुस्तकात वाचून सांगितलं, तर म्हणाले, "पुस्तकवाल्याले उशिरा समजलं."

दिवाळीच्या दिवशीही काका खरवडत होते. तांड्यावरून याडी, म्हणजे त्यांची आई, डबा घेऊन आली. म्हणाली, "मशीनीशी लगन लावलं का रे?"

पहिली बंडी फाटकात आली तेव्हा अल्टरनेटर फिरत होता. काका दिवसभर बेअरिंगवर हात ठेवून बसले.
कोमट.
गरम नाही. कोमट.

उत्तर पुढच्या उन्हाळ्यात आलं. पत्र गेलं तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, उत्तर आलं तेव्हा मुंबई राज्यात. सोबत लाकडी पेटी, नवं बेअरिंग आणि ड्रॉइंग. उशीर झाला म्हणून कंपनीने माफी मागितली होती. त्या शहरावर काय गुजरलं होतं, आणि माफी कशाची, तर बेअरिंगची!

काकांनी ड्रॉइंग समोर ठेवून आपलं बेअरिंग मोजलं. शाफ्टभोवतीची फट अगदी कंपनीने दिलेल्या मर्यादेत.

मालक म्हणाले, "आता तुहं काढ, त्याहीचं लाव."
"कायले मालक? चालून राह्यलं ना."

ते चालतच राहिलं. साठच्या दशकात तारांवरून वीज आली, अल्टरनेटर थांबला, तोवर काकांचंच बेअरिंग होतं. मशीन भंगारात गेलं तेव्हा काकांनी फक्त ती पेटी मागून घेतली.

ती आज माझ्या दुकानात आहे. बेअरिंग अजून ग्रीसमध्ये. एकदाही न फिरलेलं.

तेव्हापासून काकांच्या हाताखालच्या प्रत्येक माणसाला दसऱ्याचा एकच नियम. आधी झाकण, मग अक्षता. मागच्या दसऱ्यालाही दुकानात येऊन प्रत्येक मोटरीचं झाकण हाताने चाचपून गेले. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी.

आज निरोप देऊन परत आलो. दुकान बंदच ठेवलंय. पेटीवर एक फूल वाहिलं, चिमूटभर अक्षता वाहिल्या.

काका, झाकण आधी लावलं होतं.
दोनदा चाचपून पाहिलं.
निवांत जा. मनापासून नमस्कार.