पिपलानीचा काढा आणि मामाचा श्वास

दिवाळीनंतरची भोपाळ सहल ठरली ती सांची आणि भीमबेटकासाठी. राहायला सुभाषमामा होताच. तो तिथल्या कारखान्यात इंजिनियर, कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपमध्ये क्वार्टर. तुम्हीही पुण्याहून जाणार असाल तर रात्रीची गाडी घ्या, सकाळी स्टेशनबाहेर शेव घातलेले गरम पोहे आणि जिलबी खा, मग सिटी बस धरा. टाउनशिपचे रुंद रस्ते आणि जुनी झाडं पाहून मी खूश होते.

दार मामानेच उघडलं. ओठ निळसर, आणि "ये गं, आत..." एवढं बोलून तो थांबला. श्वास घेतला. मग म्हणाला, "...ये."

"चार-पाच दिवस फ्लू आहे," मामी म्हणाली. "पण काढा चालू आहे. गिलोय, म्हणजे आपली गुळवेल, तुळस, ज्येष्ठमध. गिलोय तर आपल्याच कडुनिंबावरची. इम्युनिटी वाढली की झालं!"

"मामा, तुला दम लागतोय."

"काही नाही गं. ताप उतरलाय." परत थांबला.

मी बॅग दारातच टाकली आणि रिक्षा बोलावली. मामा वैतागला, पण जिना उतरताना त्याने माझा खांदा धरला तो सोडलाच नाही.

दवाखान्यात त्याला लगेच ऑक्सिजन लावला. मी एक्स-रे पाहिला. छातीत जिथे काळं दिसायला हवं तिथे पांढरे ढग.

"काढ्याने इम्युनिटी वाढते ना?" मामीने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"आंटी, वायरस से लड़ते-लड़ते अब इनकी इम्युनिटी ही फेफड़ों को सुजा रही है. अभी उसे बढ़ाना नहीं, थामना है." मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट उलटला. "लिवर भी बिगड़ा है. गिलोय से कुछ लोगों में होता है. इनमें उसी से हुआ, ये पक्का नहीं कह सकती. पर काढ़ा आज से बंद."

मामी बाकावर बसली. "मी माझ्या हाताने पाजत होते गं," एवढंच म्हणाली.

सांची राहिलं, भीमबेटका राहिलं. माझी सहल म्हणजे पिपलानी ते दवाखाना, मामीचा डबा आणि कँटीनचा चहा. आठवड्याभराने ऑक्सिजन निघाला. मामा घरी आला तर अंगणात मामी कोयता घेऊन उभी, गिलोयची वेल तोडायला.

"राहू दे तिला," मामा म्हणाला. "तू भरवशाने दिलास काढा. जिना चढताना दम लागतोय हे लपवलं मी. तू घाबरशील म्हणून."

मामीने कोयता खाली टाकला आणि तोंडाला पदर लावून रडली.

पुण्यात आल्यावर आईला, म्हणजे मामाच्या धाकट्या बहिणीला, सगळं सांगितलं. तोवर तिला "थोडा ताप" एवढंच कळवलं होतं. तिने लगेच फोन लावला. "दादा, मेला असतास की रे!" ती एवढी ओरडली की शेजारच्या काकू दारात आल्या. आईने फोन कानाला गच्च दाबला आणि कितीतरी वेळ ती नुसता पलीकडून येणारा मामाचा श्वास ऐकत राहिली.