सदलग्याच्या खालचं गाव

दत्तोपंतांनी आयुष्यात एकदाही रांग मोडली नाही. बसला नाही, रेशनला नाही, लग्नाच्या पंगतीत तर मुळीच नाही. चांगला गुण आहे, मान्य. पण हाच गुण माणसानं कॉम्प्युटरमध्ये घुसवला की शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचं डोकं फिरतं. शेजारच्या टेबलावर मी बसते.

आमच्या बेळगावच्या दूध संघात जनावर आजारी पडल्याचा फोन आला की मी शीटमध्ये नोंद करते. गावाचं नाव टाइप करून चालत नाही, ड्रॉपडाऊनमधून निवडावं लागतं. ती नोंद बघूनच डॉक्टरांची गाडी निघते. गावांची यादी पंतांनी केलेली, तिचा पासवर्डही त्यांच्याकडेच. पहिल्या ओळीत वहीवर घालतात तसं '॥ श्री ॥', मग उचगाव, आणि पुढं जे गाव ज्या क्रमानं संघात आलं त्या क्रमानं. शेवटी सदलगा.

यंदा जांबोटी आलं. पंतांनी ते सदलग्याच्या खाली लिहिलं. पण ड्रॉपडाऊनची रेंज सदलग्यापाशीच संपत होती. जांबोटी यादीत होतं आणि निवडायला मिळत नव्हतं.

"पंत, रेंज वाढवा. नाहीतर सदलग्याच्या वर एक ओळ घाला, रेंज आपोआप वाढेल."

"रेंजला हात लावला की सगळं बिघडतं. आणि कालचं जांबोटी सदलग्याच्या आधी? सदलग्याची माणसं काय म्हणतील?"

"सदलग्याची माणसं ही शीट बघायला येतात होय?"

"प्रश्न रीतीचा आहे, सुनंदाबाई."

कपाळ माझं!

मग जांबोटीहून अंबूबाईंचा फोन आला. गाय चाऱ्याला तोंड लावत नव्हती, अंगावर गाठी उठल्या होत्या. पंत म्हणाले, "सध्या श्री निवडा." मी निवडलं, आणि गाडीवाल्या विक्रमला स्वतः फोन केला.

"आक्का, श्री हे कुठलं गाव? गावाचं नाव न्हाय तर डिझेल मंजूर हुईत न्हाय."

दुसऱ्या दिवशी अंबूबाईंचा पुन्हा फोन. मी साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, यादीचं पंतांना विचारा. मग मात्र माझा तोल सुटला आणि मी सगळ्या ऑफिससमोर पंतांना नको नको ते बोलले. शेवटी त्यांनी मोठे उपकार केल्यासारखी सदलग्याच्या वर एक ओळ घातली आणि तिथं जांबोटी लिहिलं. चहा निवायच्या आत झालं! ड्रॉपडाऊनमध्ये जांबोटी दिसलं, गाडी निघाली.

विक्रम संध्याकाळी किल्ली ठेवून गेला. पुढच्या आठवड्यात अंबूबाई स्वतः आल्या. मी त्यांना खुर्ची दिली, शीट उघडली, जांबोटी निवडलं.

"आता काय लिवतीस गं बाई? गाय गेली. माजं नाव काढ संघातनं."

पंत उठून उभे राहिले. मला त्यांच्यावर रागावता येईना.

त्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता रेंज पार खालपर्यंत वाढवली. आता जांबोटी लगेच सापडतं. तिथून फोन मात्र येत नाही.