फेसाखालचा चेहरा

सलूनवाल्याच्या कानामागे सदा लेखणी, म्हणून सगळे त्याला बोरू म्हणत. गिऱ्हाईक नसलं की हा पठ्ठ्या आरशापुढच्या फळीवर कागद पसरून चित्रकादंबरी काढत बसे. गोष्ट आपल्याच दुकानाची. कंगव्याचा दात न् दात, फरशीवर पडलेला केस न् केस. बारीक कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. माणसं मात्र कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखी. शेजारचा पाट्या रंगवणारा एकदा म्हणालाच, "बोरू, तुझा कंगवा बोलतो रे, माणसं मुकी." त्यातून रडणारं तोंड काढलं, तर ते शिंकतंय असं वाटे.

एका दुपारी थोरला भाऊ दाढीला आला. तोंडाला फेस लागला आणि दादा बोलला, "कारखान्यातनं काढलं मला." बोलला आणि रडायला लागला. बापामागे ज्याने घर ओढलं, ज्याच्या डोळ्यांत कधी टिपूस दिसला नव्हता, तो. बोरूचा वस्तरा थांबला. दादाला वाटलं, भाऊ गलबलला. कसला गलबलतोय! हा बघत होता: हनुवटी आक्रसली की फेसाला तडे कसे जातात, तोंड चौकोनी कसं होतं. खांद्यावर हात ठेवायचं ध्यानातच आलं नाही.

रडणाऱ्या दादाचं ते पान असं उतरलं की पाटीवाल्याने हात जोडले. प्रकाशकाने त्या पानापायी पुस्तक घेतलं. बोरूला मात्र अन्न गोड लागेना. दादाची नोकरी गेल्याचं एव्हाना घरीदारी कळलं होतं. तो रडला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी दादा आला तेव्हा बोरूने पान पुढे केलं. "नको म्हणालास तर फाडतो."

दादाने कागद उजेडाला धरला. "मिशीसुद्धा सोडली नाहीस, लेका."

"नाही."

"मी रडत होतो आणि तू मिशी बघत होतास."

"बघत होतो, दादा."

"मला वाटलं, माझ्यासाठी थांबलास."

दादा खुर्चीत बसला, मान मागे टाकली. "छापून टाक. पण आधी ही मिशी उडव. तुझी वहिनी ओळखेल ती ओळखेल, रस्त्यावरच्यांनी तरी ओळखू नये."

बोरूने वस्तरा चालवला. मिशीखालून ओठ निघाला, फिकट, उघडा. बोरूला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. आणि डोळे? ते मेले बघतच होते, नाकाखालची खाच कुठे सुरू होते ते.