मंजुळ आणि मंजूळ

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि नव्या कचेरीत टायपिस्ट हवी म्हणून माझी नांदेडहून बदली झाली. खोली मिळाली, टँकरच्या रांगेत घागरीला जागा मिळाली, पण बोलायला माणूस मिळालं नाही. रविवारी तर सकाळपासून तोंड मिटलेलंच. त्या एकटेपणाचा राग मी आठवडाभर दुसऱ्यांच्या मसुद्यांवर काढायची. ह्रस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की साहेबांनाही सोडत नसे.

मुदखेडला आई एकटीच राहायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांच्या टेपवर बोलून ती दर महिन्याला मला कॅसेट पाठवायची. माझ्या जुन्या टेपचा स्पीकर फाटला होता. मी बाजारातून वेगळा स्पीकरचा बॉक्स आणला, ‘मंजुळ’चा समजून. त्या कंपनीचं तेव्हा फार नाव होतं.

त्यावर लावलेली पहिलीच कॅसेट घरघरली. “जेवलीस का गं माय?” आई विचारत होती, पण घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी.

बॉक्स घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं वरची नावाची पट्टी पुसली आणि हसत सुटला.

“बाई, हे मंजुळ न्हाई, मंजूऽळ हाय! दुसरा उकार. डुप्लिकेट माल, असाच घोगरा बोलणार. अन् तुम्ही तर कचेरीत टायपिंग करून राहिल्या ना?”

मी खजील झाले, पण हायसंही वाटलं. आईला काही झालं नव्हतं, चूक माझ्या डोळ्यांची होती. दुसऱ्या महिन्यात आवाज आणखी बसला, तिसऱ्यात शब्दच तुटायला लागले. “बोल की नीट, दुसऱ्या उकारा,” म्हणत मी बॉक्सला टपली मारायची. त्या खोलीत थट्टा करायला मला तेवढाच सोबती होता.

पुढं दुरुस्तीवाल्याकडे खरा मंजुळ आला. मी तिसरी कॅसेट घेऊन गेले. आधी त्यानं स्वतःची भजनाची कॅसेट लावली. टाळ अगदी स्वच्छ वाजले. मग माझी लावली. आई तशीच घोगरी, तशीच तुटत तुटत “मी बरी हाय” म्हणत होती.

त्यानं टेप बंद केला. या वेळी तो हसला नाही.

“बाई, खोट बॉक्सात न्हाई.”

मी तशीच बसस्टँडवर गेले. मुदखेडला पोचले तेव्हा आई दारात बसली होती. मला पाहून तिचे ओठ हलले, आवाज आलाच नाही. घसा कधीपासून बसलाय ते शेजारीण सांगायला लागली, पण मला ते सांगायची गरज नव्हती. तीन महिने मी आईच्याच दुखण्याला हसत होते. मला स्वतःची लाज वाटली.

आईनं पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि मान उडवून विचारलं, जेवलीस का?